काचेच्या ग्लासाला ताणा

इंग्रजीशी माझं भांडण पाचवीपासूनचं. आमची शाळा अंबाडी गावाच्या आतल्या बाजूला, दोन ओढे ओलांडून, अस्सल मराठी. पाचवीत गुरुजींनी फळ्यावर गाय काढली आणि बाजूला लिहिलं, सी ओ डब्ल्यू, काऊ. आम्ही सगळे कोकललो, काऊ. दुसऱ्या दिवशी त्यांनी एल ओ डब्ल्यू लिहिलं. मी सगळ्यांच्या आधी हात वर करून म्हटलं, लाऊ. गुरुजी म्हणाले, लाऊ नाही, लो. मी विचारलं, का. ते म्हणाले, कारण तसंच आहे, खाली बस. मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. आपल्याकडे 'क'ला काना दिला की 'का' होतो. सोमवारी 'का' आणि मंगळवारी 'को', असला चावटपणा तो करत नाही. जी भाषा लिहिते एक आणि बोलते दुसरं, तिच्यावर माणसाने किती विसंबावं.

तरी दहावीला इंग्रजीत काठावर का होईना पास झाले. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा सासरे एका शेठच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. ताण्याचे धागे एकेक करून फणीतून ओढायचे, तुटले की जोडायचे, हेच त्यांचं काम. पुढे मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा त्यांनीच शेठला सांगितलं, सून दहावी पास हाय, अक्षर चांगलं हाय. शेठने मला ऑफिसात बसवलं. ऑफिस म्हणजे लूमच्या शेडला लागून लाकडी फळ्यांची एक खोली, तिथे आत बसलं तरी टेबल थरथरायचं. शेठने पहिल्या दिवशी दोनच शब्द शिकवले. उभा धागा म्हणजे ताणा, तो वार्प. आडवा धागा म्हणजे बाणा, तो वेफ्ट. बाराएक वर्षं मी रोज ते शब्द वहीत लिहिले. डब्ल्यू, ए, आर, पी. पुढेपुढे तर बघायचीही गरज राहिली नाही, पेन आपोआप चालायचं.

मग शेठच्या मुलाने लूम भंगारात काढल्या. शहरात इतरांच्या अजून चालतात, रात्रंदिवस खडखडतात, पण आमच्या गल्लीतल्या गेल्या. सासऱ्यांचं वय झालंच होतं, ते घरी बसले. मी काही महिने घरी काढले आणि मग कल्याण रोडवरच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागले. तिथे बारा टेबलं. माझं चौथं. आम्ही आठ बायका, निम्म्याहून जास्त लूमवाल्यांच्या घरातल्या. टेबलावर एक स्क्रीन, त्यावर वस्तूचं नाव आणि ती कशी पॅक करायची ते इंग्रजीत. काचेची वस्तू आली की मोठ्या अक्षरांत एकच शब्द यायचा. टेबलावर इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. मी तो शब्द पाहिला, हातातल्या बबल प्लॅस्टिकच्या गुंडाळीकडे पाहिलं आणि खुशाल सांगून टाकलं, हे वार्प करायचं.

यात कोणाला काही खटकलं नाही, हेच तर नवल. ताणा काय असतो ते सगळ्यांना माहीत. लूमच्या बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, तो गोल गोल गुंडाळतात, आम्हीही ग्लास बबलमध्ये गोल गोल गुंडाळत होतो. इंग्रजीत गुंडाळण्याला वार्प म्हणत असणार, असं आम्ही सर्वांनी धरून टाकलं. आमच्यात सगळ्यात मोठी एक बाई आहे, तिला सगळे चाची म्हणतात. तिचे आजोबा उत्तरेकडून लूमवर आलेले. ती तर पोरींना दरडावायची, अरे ठीक से वार्प कर, टूटेगा तो तेरी बारी आएगी. सुपरवायझर हिंदीत नुसता लपेटो म्हणायचा आणि पुढे जायचा. मी तर आणखी शहाणी, एका पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने ठसठशीत वार्प लिहून तो टेबलाच्या कडेला चिकटवला. असे सहा महिने गेले.

आता घरची गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवरा टेम्पो चालवतो, आज सुरत तर उद्या नाशिक. मुलगी लग्न होऊन अकलोलीकडे गेली. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. घरात उरलो मी आणि सासरे. त्यांना मी बाबा म्हणते. या माणसाची एक खोड आहे, एकट्याने ताटावर बसायचं नाही. सासूबाई होत्या तोवर हे कळलंच नव्हतं. माझी पाळी एक आठवडा सकाळची आणि एक आठवडा दुपारी दोनची. दुपारच्या आठवड्यात मी भाकरी-भाजी झाकून जायचे, आल्यावर विचारायचे, जेवलात का. ते म्हणायचे, जेवलो गो. एकदा शेजारणीने सांगितलं, तुझी भाकरी रोज गल्लीतला कुत्रा खातो. मी त्या दिवशी बाबांवर इतकी चिडले, इतकी बोलले, की नंतर मलाच रडू आलं. ते हो गो, हो गो म्हणाले आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच.

गोडाऊनच्या भिंतीवर एक पोस्टर आहे. त्यात लूज शब्द दोनदा. पहिल्यात दोन ओ, दुसऱ्यात एक. मला वाटलं छापणाऱ्याने एक ओ वाचवला. मोबाइलमध्ये शब्दकोश आहे, त्यात दाबलं की एक बाई उच्चार करून दाखवते. तिला विचारलं. ती म्हणाली, दोन ओ वाला लूस, म्हणजे ढिला. एक ओ वाला लूझ, म्हणजे हरवणं, गमावणं. पोस्टरवर म्हटलं होतं, ढिलं बांधाल तर गिऱ्हाईक गमवाल. आपण आपले दोन्हींना लूज म्हणून मोकळे. पण त्या दिवशी घरी आल्यावर माझं लक्ष बाबांच्या शर्टाच्या कॉलरकडे गेलं. कॉलरमध्ये दोन बोटं सहज जातील इतकी मान बारीक झाली होती. शर्ट दोन ओ वाला लूज झाला होता आणि मला भीती एक ओ वाल्याची होती.

अशात आमच्या टेबलाला टीम लीडर नेमायचं ठरलं. टीम लीडरला जनरल शिफ्ट. सकाळी नऊला जायचं, साडेसहाला घरी. म्हणजे रोज संध्याकाळी बाबांसमोर माझं ताट. मला ती जागा खुर्चीसाठी नको होती, नावासाठीही नको होती, मला ती त्या ताटासाठी हवी होती. अट एकच. रोज सकाळी इंग्रजीत आलेला सूचनांचा कागद टेबलासमोर मोठ्याने वाचायचा आणि समजावून द्यायचा. गुरुवारी हेड ऑफिसमधून मॅडम येऊन परीक्षा घेणार होत्या. उमेदवार दोन, मी आणि एजन्सीकडून आलेला एक इंग्लिश मीडियमवाला पदवीधर.

नमुन्याचा कागद मिळाला होता. आठवडा सकाळच्या पाळीचा, त्यामुळे चारला मी घरी परतलेली. बुधवारी चहा झाल्यावर मी ओट्यावर बसले. बाबा खाटेवर मोड आलेले वाल सोलत होते. लूमच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने वाचायला लागले, म्हटलं यांना ऐकू गेलं तर मॅडमला जाईलच. वार्प ऑल ग्लास आयटम्स ट्वाइस. मग समजावून देण्याचीही तयारी हवी म्हणून मराठीत म्हटलं, काचेच्या सगळ्या ग्लासांना दोनदा वार्प करा.

बाबांचे हात थांबले. "काय गो, काचेच्या ग्लासाला ताणा कशाला?"

"बाबा, तुम्ही वाल सोला."

"सोलतोय. पण ग्लासाला ताणा कशाला ते सांग."

"ताणा नाही हो. गुंडाळायचं. इंग्रजी आहे ते."

"वार्प म्हंजे ताणा," ते म्हणाले. "शेठ वरडायचा, वार्प तुटला, वार्प जोड. तीस वर्सं तेच जोडत व्हतो मी. मला इंग्रजी येत न्हाय, पण येवढा एक शब्द माझा हाय."

मी वैतागून मोबाइल काढला, म्हटलं आता यांना दाखवतेच. कागदावरचा शब्द एकेक अक्षर बोटाने दाबला. डब्ल्यू. आर. आणि तिथेच बोट अडकलं. आर? आर कसा? मी कागद डोळ्यांजवळ नेला. डब्ल्यू, आर, ए, पी. मोबाइलमधली बाई शांतपणे म्हणाली, रॅप. गुंडाळणे. पुढे तिने हेही सांगितलं की डब्ल्यू इथे बोलायचाच नाही. म्हणजे बसवलाय पुढे पाटलासारखा आणि काम काही नाही. माझे कान गरम झाले. सहा महिने मी चुकीचं वाचत होते, आणि एकटी नाही, सात बायकांना घेऊन चुकत होते. वर लाल अक्षरांत पाटी लावून.

मी डोकं धरून बसले. बाबांनी विचारलं, "मंग तिथं लूम न्हायत?"

"कुठे?"

"तुझ्या कंपनीत."

आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जुळायला लागली. नोकरी लागली त्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं, किती चालतात तुमच्याकडं. मी टेबलांचं समजून म्हटलं, बारा. दोन्ही पाळ्या? दोन्ही. मंग कान कसे न्हाय दुखत तुझे? मी म्हटलं, एसी आहे तिथे. ते खूश होऊन म्हणाले होते, नव्या असतील. मला एकदा दाखव गो. मी म्हटलं होतं, बाहेरच्यांना सोडत नाहीत बाबा. मी घरी येऊन फोनवर कोणाशी तरी मोठमोठ्याने बोलायचे, आज दिवसभर वार्पच केलं. ते ऐकून हा माणूस सहा महिने समजत होता की कुठेतरी बारा नव्या लूम लागल्यात आणि त्याची सून त्यांच्यावर कामाला आहे.

"न्हाय बाबा," मी म्हटलं. मलाही त्यांच्यासारखंच न्हाय आलं तोंडातून. "तिथे लूम नाहीत. नुसती खोकी आहेत."

ते हसले. "टपरीवर समद्यांना सांगून बसलोय मी. सूनबाईच्या कंपनीत बारा लूम हायत." मग ते परत वाल सोलायला लागले, पण हसू लवकर संपलं. मला इतकं वाईट वाटलं की परीक्षेचंही विसरले. सहा महिन्यांत एकदा त्यांच्याजवळ बसून नीट उत्तर दिलं असतं तर काय बिघडलं असतं माझं.

वाल संपल्यावर तेच म्हणाले, "दे तो कागद इकडं. काय चुकलं दाखव." मी दोन्ही शब्द लिहून दाखवले. त्यांना एबीसीडी येत नाही, पण त्यांनी बोट बरोबर मधल्या दोन अक्षरांवर ठेवलं. "ह्या दोन तारा उलट भरल्यात. ह्याची जागा तिला, तिची ह्याला." मी म्हटलं, अगदी तेच. "आमच्यातबी व्हायचं. फणीत दोन धागे उलटसुलट गेले की कापडात रेघ यायची. नवा माणूस काय करायचा, कुणाला दिसत न्हाय तोवर चालू द्यायचा. मंग ताग्याच्या टोकापर्यंत रेघ. लूम बंद करायची, समद्यांसमोर बंद करायची, आन ते दोन धागे काढून परत भरायचे. दुसरा इलाज न्हाय." त्यांनी एवढं मोठं भाषण सासूबाई गेल्यापासून केलं नव्हतं.

गुरुवारी परीक्षा अकराला होती. दहाच्या चहाला मी टेबलावर जाहीर केलं की आजपासून वार्प नाही, रॅप. एकच गिल्ला झाला. चाची म्हणाली, "छह महीने से वार्प बोल रहे हैं, अब क्या जबान बदल दें?" मी म्हटलं, बदलनी पडेगी चाची. मग आम्ही आठजणी चहाचे कप हातात घेऊन रॅप, रॅप, रॅप करत बसलो. सुपरवायझर लांबून बघत होता, त्याला वाटलं आम्हाला काहीतरी झालंय.

मॅडम आल्या. पदवीधर आधी. त्याने कागद असा काही वाचला की मधे श्वास घेतलेलाही कळला नाही. मग माझा नंबर. मी पहिली ओळ चांगली वाचली. दुसरी चांगली वाचली. तिसऱ्या ओळीला तो शब्द समोर आला, मी आर पाहिला, ए पाहिला, मनात रॅप म्हटलं, आणि तोंडातून स्वच्छ, खणखणीत निघालं, वार्प. बारा वर्षं लिहिलेला शब्द, तो असा एका चहात सुटणार होता होय.

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मॅडमनी वर पाहिलं. त्या म्हणाल्या, परत वाचा. मी परत वाचून पुढे जाऊ शकले असते. पण मला बाबांची ती रेघ आठवली. मी कागद खाली ठेवला. म्हटलं, मॅडम, एक मिनिट, लूम बंद करते. त्यांना कळेना. मग मी टेबलाच्या कडेचा तो लाल पुठ्ठा काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. हा ताणा, हे गुंडाळणं. मधले दोन धागे उलट भरले गेले. चूक माझी, यांची कोणाची नाही. चुकीचं मी शिकवलं, मीच सुधारतेय, आणि ही चूक माझ्या सासऱ्यांनी पकडली, ज्यांना इंग्रजी येत नाही.

मॅडमनी पदवीधराला विचारलं, वार्प म्हणजे काय माहीत आहे का. त्याला माहीत नव्हतं. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चाची न विचारताच मधे पडली. "मैडम, इसने गलत सिखाया, मगर इसके टेबल पे आज तक एक गिलास नहीं टूटा." मॅडम हसल्या आणि लिहून घेऊन निघून गेल्या.

शनिवारी कळलं की जागा मला मिळाली. आता याला माझा विजय म्हणायचा तर म्हणा, पण खरं सांगते, त्या पदवीधराला कोन गावातल्या एका गोडाऊनमध्ये याहून चांगली नोकरी लागली होती. मॅडम म्हणाल्या म्हणे की तो असता तरी मीच. ते सुपरवायझरने सांगितलं, आणि सुपरवायझर गोड बोलणारा माणूस आहे. मी खोलात शिरले नाही.

सोमवारी मी साडेसहाला घरात होते. येताना तो लाल अक्षरांचा पुठ्ठा पिशवीत घातला होता, बंबात टाकायचा म्हणून. बाबांनी तो पिशवीतून डोकावताना पाहिला आणि मागून घेतला. डोळ्यांजवळ नेला. "हाच ना आपला ताणा?"

"हो."

"ह्यात चूक काय हाय?"

"तशी काही नाही. शब्द बरोबर आहे. चुकीच्या टेबलावर लागला होता."

"मंग जाळतेस कशाला," ते म्हणाले. भिंतीवर त्यांची जुनी फणी टांगलेली आहे, शेठकडून निघताना मागून आणलेली. तिच्या खाली त्यांनी तो पुठ्ठा खिळ्याला अडकवला, दोनदा सरळ केला, आणि मागे सरकून पाहिला. टपरीवर काय सांगणार, असं मी विचारलं. म्हणाले, "सांगितलं कालच. लूम न्हायत, पण तिथं माझी सून बायांना इंग्रजी शिकवते." मी म्हटलं, बाबा, आता हे खरं मानून बसतील लोक. ते म्हणाले, मानू देत.

मी दोन ताटं वाढली. वालाची उसळ होती. ते समोर बसले आणि जेवायला लागले, मधेच म्हणाले, काचेच्या ग्लासाला ताणा, आणि एकटेच हसले. भाकरी संपली. मी ताट उचलणार तेवढ्यात त्यांनी हात आडवा धरला.

"आनखी एक हाय का गो?"

मी उठून चुलीकडे वळले आणि भाकरी शोधायला जरा जास्तच वेळ लावला. त्यांनी मला डोळे पुसताना पाहायला नको होतं.

शर्ट त्यांचा अजून लूज आहे. पण दोन ओ वालाच.